हार्डवेअर रँडम नंबर जनरेटर घरी बनवताय? मग हा क्रम सोडू नका

प्रोजेक्टचा सीझन आला की नागपुरातल्या कॉलेजांतले निम्मे पोट्टे हार्डवेअर रँडम नंबर जनरेटर (सर्किटमधल्या नॉइजवरून, म्हणजे व्होल्टेजच्या बेभरवशाच्या चढउतारावरून, अंदाज न बांधता येणारे आकडे काढणारा बोर्ड) बनवायला घेतात, आणि बहुतेकांची गाडी एकाच स्टेशनवर थांबते. बोर्डातून बाइट्स आले, ते एसएचए-256 या हॅशमधून (कुठल्याही डेटाचा ठरलेल्या लांबीचा, विस्कटलेला आकडा करणारं सूत्र) काढले, डायहार्डर ही रँडमपणाची टेस्ट चालवली, सगळं हिरवं, स्क्रीनशॉट रिपोर्टात. त्या रिपोर्टवरून सिद्ध काय झालं? एसएचए-256 चांगलं आहे, एवढंच. बहुतेकांच्या कोडमध्ये हॅशसोबत काउंटर (दरवेळी एकने वाढणारा आकडा) किंवा मागचं आउटपुट मिसळलेलं असतं, म्हणजे नॉइजची वायर तुटून लोंबत असती तरी निकाल हाच आला असता.

1, 2, 3, 4 असे साधे आकडे एकामागून एक हॅश करा, ते पण सगळ्या टेस्ट पास होतात, आणि पुढचा आकडा तुमच्या शेजारच्याला पण सांगता येतो. म्हणून इथे जो क्रम दिलाय त्याचा कणा एकच: आधी कच्चा डेटा, म्हणजे सर्किटमधून येतो तसा, तपासायचा, हॅश वगैरे सफाई नंतर. एन्क्रिप्शनचा रस्ता आणि सिम्युलेशनचा रस्ता पण सुरुवातीलाच वेगळा करायचा, शेवटी नाही.

## टप्पा 1: पाहिजे कशासाठी ते आधी ठरवा

एन्क्रिप्शनला लागतं ते म्हणजे पुढचा बिट कोणालाच ओळखता येऊ नये, सर्किटचा पूर्ण नकाशा हातात असलेल्या माणसाला पण नाही. सिम्युलेशनला हे लागतच नाही. तिथे वितरण बरोबर पाहिजे, स्पीड पाहिजे, आणि सहा महिन्यांनी गाइड म्हणाले की तोच रन परत दाखव, तर तोच रन परत यायला पाहिजे. हार्डवेअरचे बिट्स सरळ मॉन्टे कार्लोमध्ये (रँडम आकड्यांवर चालणारं सिम्युलेशन) ओतले की ही शेवटची गोष्ट कायमची गेली.

त्यामुळे दोन्हीकडे हार्डवेअरचं काम तेवढंच, सीड देणं, म्हणजे सॉफ्टवेअरचा जनरेटर जिथून सुरू होतो तो आकडा. एन्क्रिप्शनमध्ये तो सीड ऑपरेटिंग सिस्टीमच्या जनरेटरला जातो आणि कुठे लिहून ठेवायचा नसतो. सिम्युलेशनमध्ये तो सॉफ्टवेअर जनरेटरला जातो आणि लिहून ठेवायचाच असतो.

तपासा: तुमच्या कामाला दर सेकंदाला किती बिट लागतात ते कागदावर लिहा. 256 बिटचा एक सीड लागत असेल तर सेकंदाला हजार बिट देणारा बोर्ड पण भरपूर झाला, आणि मेगाबिटच्या मागे लागून सर्किट बिघडवायची गरज नाही.

## टप्पा 2: घरात आधीच काय आहे ते बघा

नवीन सर्किट लावायच्या आधी हे बघून घ्या, कारण पुष्कळांना सर्किटची गरजच नसते.

लॅपटॉप. इंटेलमध्ये 2012 च्या आयव्ही ब्रिजपासून प्रोसेसरमध्येच आरडीरँड नावाची सूचना आहे, एएमडीमध्ये पण नंतर आली. लिनक्सचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) ती स्वतःच वापरून बाकीच्या गोष्टींत मिसळतो. तुम्ही मात्र तुमच्या कोडमधून ती सरळ बोलावू नका. 2019 मध्ये रायझन 3000 बाजारात आले तेव्हा त्यांची आरडीरँड प्रत्येक वेळी सगळे बिट 1 च देत होती, आणि वर सांगत होती की काम यशस्वी झालं. बायॉस अपडेटनंतर ते सुटलं. ज्यांनी तिच्यासोबत दुसरं काही मिसळलंच नव्हतं त्यांना तेव्हा भोगावं लागलं.

रास्पबेरी पाय. चिपमध्येच जनरेटर आहे, डेव्ह फोल्डरमध्ये एचडब्ल्यूआरएनजी नावाची फाईल दिसते. अभ्यासासाठी उत्तम.

ईएसपी32, म्हणजे वायफायवाला मायक्रोकंट्रोलर. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. याच्या रँडम रजिस्टरला खरा नॉइज तेव्हाच मिळतो जेव्हा वायफाय किंवा ब्लूटूथ चालू असतं, नाही तर बूटलोडरवाला एंट्रॉपीचा (अंदाज न बांधता येण्याचं माप) सोर्स मुद्दाम सुरू करावा लागतो. रेडिओ बंद ठेवून बॅटरी वाचवली आणि त्याच बोर्डावर एन्क्रिप्शनची की (किल्ली) बनवली, तर कंपनीच्याच कागदपत्रांप्रमाणे ते आकडे स्युडो-रँडम, म्हणजे सूत्राने काढलेले, धरायचे. दिसायला दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून कोणाच्या लक्षातच येत नाही.

रास्पबेरी पाय पिको. पहिल्या पिकोच्या आरपी2040 चिपमध्ये रिंग ऑसिलेटरचा एक रँडम बिट आहे, पण डेटाशीटच सांगते की तो सिक्युरिटीच्या भरवशाचा नाही. पिको 2 च्या आरपी2350 मध्ये वेगळा टीआरएनजी, म्हणजे खरा रँडम नंबर जनरेटर, दिलाय.

आर्डुइनो उनो. यात काहीच नाही. उघडी अॅनालॉग पिन वाचून सीड करायचा जो फंडा सगळ्या ट्युटोरियलमध्ये फिरतो, तो गेममधला फासा टाकायला ठीक आहे. पिनचा व्होल्टेज आकड्यात बदलणारा एडीसी 10 बिटचा, म्हणजे सीड जास्तीत जास्त 1024 प्रकारचे. आणि उघडी पिन घरातल्या 50 हर्ट्झच्या वायरिंगचा हम पकडत असते, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून पण कमीच निघतात. यावरून की बनवू नका.

## टप्पा 3: सामान आणि जागा

स्वतःचा सोर्स बनवायचाच असेल तर सगळ्यात सोपा आणि समजायला सरळ म्हणजे ट्रान्झिस्टरचा उलटा जोडलेला बेस-एमिटर जंक्शन. नागपुरात बर्डीवर कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळेल असं सामान:

- बीसी547, दहा-बारा नग. सर्किटला एकच लागतो, पण ब्रेकडाउनचा (उलट्या व्होल्टेजला जंक्शन हार मानून करंट सोडतं त्याचा) नॉइज किती येईल हे डेटाशीटमध्ये दिलेलं नसतं आणि नगानगात फरक पडतो, म्हणून निवडायला जास्तीचे.
- ऑप-अॅम्प टीएल072 (सिग्नल वाढवायला), कम्पॅरेटर एलएम393 (दोन व्होल्टेजांत मोठा कोणता ते 0 किंवा 1 मध्ये सांगायला).
- 12 व्होल्टच्या सप्लायसाठी अडॅप्टर, शक्यतो जुना ट्रान्सफॉर्मरवाला, सोबत 7812 रेग्युलेटर. रेग्युलेटरला खाली यायला निदान दोन-अडीच व्होल्ट जास्त लागतात, म्हणून अडॅप्टर 15 च्या आसपासचा बघा.
- झिरो पीसीबी. ब्रेडबोर्डवर सुरुवात करा, पण शेवटचं माप ब्रेडबोर्डवर घेऊ नका.
- फरसाणाचा नाही तं बिस्किटाचा पत्र्याचा डबा, ज्यात बोर्ड बसेल.
- पाच व्होल्टचे 3.3 करायला लेव्हल शिफ्टर घेऊ नका, गरज नाही, पुढे सांगतो.

सावध: 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी वापरू नका. बीसी547 च्या या जंक्शनला डेटाशीटमध्ये 6 व्होल्टची मर्यादा आहे, प्रत्यक्षात ब्रेकडाउन साधारण 7 ते 9 व्होल्टच्या मध्ये कुठेतरी होतं. नवी बॅटरी काम करते, थोडी उतरली की नॉइज गायब, आणि कम्पॅरेटर तरीही काहीतरी आकडे देतच राहतो. शिवाय अॅव्हलांश ब्रेकडाउनचा व्होल्टेज तापमानासोबत वाढतो, आणि आपल्याकडे मे मध्ये पारा 45 च्या वर जातो. जानेवारीत चालणारं सर्किट उन्हाळ्यात मुकं होणं हे तिथूनच येतं.

सावध: 5 व्होल्टवरून 12 करायला स्वस्त बूस्ट मॉड्यूल लावलं तर त्याच्या स्विचिंगची कुरकुर नॉइजमध्ये घुसते. ऑसिलोस्कोपच्या (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) स्क्रीनवर मस्त दाट गवत दिसतं, पण ते गवत ठरलेल्या फ्रिक्वेन्सीचं असतं.

## टप्पा 4: नॉइज काढा आणि तो खरंच नॉइज आहे का ते बघा

जोडणी अशी. बेस ग्राउंडला. एमिटर 100 किलोओहमच्या रेझिस्टरमधून 12 व्होल्टला. कलेक्टरचा पाय मोकळा सोडा. ब्रेकडाउन 8 व्होल्टला धरला तर रेझिस्टरवर 4 व्होल्ट उरतात, म्हणजे करंट 40 मायक्रोअॅम्प, एवढा पुरतो. या कामाला लावलेला ट्रान्झिस्टर पुन्हा अॅम्प्लिफायरमध्ये वापरू नका, उलट्या ब्रेकडाउनमध्ये राहून त्याचा गेन खराब होतो.

एमिटरवरून सिग्नल 10 नॅनोफॅरॅडच्या कपॅसिटरमधून ऑप-अॅम्पला न्या, आणि ऑप-अॅम्पच्या इनपुटला 10 किलोओहमचा बायस रेझिस्टर ठेवा. हे दोघं मिळून सुमारे 1.6 किलोहर्ट्झचा हाय-पास होतो आणि 50 हर्ट्झचा हम तीसेक पट दबतो. पुष्कळ जण इथे 1 मायक्रोफॅरॅड टाकतात कारण हातात तोच असतो, आणि मग आठवडाभर हमशी भांडत बसतात.

आता कम्पॅरेटर लावायच्या आधी थांबा. ऑसिलोस्कोप असेल तर उत्तम. नसेल तर ऑप-अॅम्पचं आउटपुट मधे कपॅसिटर ठेवून जुन्या कम्प्युटर स्पीकरला द्या, आवाज एकदम कमी करून. बरोबर असेल तर स्टेशन न लागलेल्या रेडिओसारखी एकसारखी सरसर येते. घूं असा सूर आला तर हम आहे, किणकिण आली तर पॉवर सप्लाय, आणि मधूनमधून टक्-टक् आली तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर नाही तं कुलरचा पंप. डब्यात बोर्ड ठेवून डब्याला ग्राउंडची वायर लावली की यातलं बरंचसं खाली बसतं, झाकण लावायला विसरू नका.

तपासा (ही स्टेप कोणीच करत नाही): नॉइजच्या ट्रान्झिस्टरचा 100 किलोओहमवाला रेझिस्टर 12 व्होल्टवरून काढून 5 व्होल्टला लावा, बाकी सगळं तसंच ठेवा. आता जंक्शन ब्रेकडाउनमध्ये नाही, सरसर जवळपास मरायला पाहिजे. मेली नाही तर तुम्ही आतापर्यंत जे ऐकत होते ते ट्रान्झिस्टरचं नव्हतंच, सप्लाय, हम किंवा बाजूचा मोबाईल होता. हे सुटेपर्यंत पुढे जाऊ नका.

नग निवडायचे ते पण याच वेळी. एकेक बीसी547 लावा, ज्याचा नॉइज मोठा आणि एकसारखा तो ठेवा. काही नग फुटाण्यासारखे फुटफुट आवाज करतात, म्हणजे थोडा वेळ शांत, मग एकदम उड्या. ते बाजूला काढा.

## टप्पा 5: नॉइजचे बिट करा

एलएम393 च्या एका इनपुटला वाढवलेला नॉइज, दुसऱ्या इनपुटला तोच नॉइज 100 किलोओहम आणि 1 मायक्रोफॅरॅडमधून गाळलेला, म्हणजे त्याची सरासरी. तापमान बदललं, गेन सरकला, तरी उंबरठा आपोआप मागे-मागे येतो. पोटेन्शिओमीटर लावून हाताने अर्ध्यावर आणलं तर सकाळी 50 टक्के असलेले 1 चे बिट, दुपारी 57 होतात.

एलएम393 चं आउटपुट ओपन कलेक्टर आहे. तो फक्त खाली ओढतो, वर नेण्यासाठी रेझिस्टर तुम्ही द्यायचा, 4.7 किलोओहम, आणि तो मायक्रोकंट्रोलरच्या 3.3 व्होल्टला. म्हणून लेव्हल शिफ्टर नको म्हटलं. हा रेझिस्टर विसरला की पिन तरंगत राहते आणि आकडे तरीही येतात, कारण तरंगणारी पिन पण काहीतरी वाचतेच. आकडे येतायत म्हणजे सर्किट चालतंय असं या विषयात कधीच समजू नका.

सॅम्पल घ्यायचा वेग सुरुवातीला सेकंदाला 10,000 ठेवा, टायमर इंटरप्टवर, डिले लावून नाही. कोडमध्ये लूप पूर्ण वेगाने फिरवून पिन वाचली तर नॉइजला बदलायला वेळच मिळत नाही आणि एकाच नॉइजचे चार-चार फोटो काढल्यासारखे शेजारचे बिट सारखे येतात.

## टप्पा 6: कच्चा डेटा पीसीवर, एक बिट न हरवता

ही पायरी सोपी वाटते आणि इथेच सगळ्यात जास्त चांगले बोर्ड नापास होतात.

8 बिट मिळून एक बाइट करा आणि तसाच पाठवा. कुठलीही सफाई नाही, एक्सऑर नाही, फॉन न्यूमन (टप्पा 9 मध्ये सांगतो) नाही, हॅश नाही. 115200 च्या स्पीडला सेकंदाला 11,520 बाइट जातात, आपल्याला 1,250 च लागतात, त्यामुळे जागा भरपूर आहे.

लिनक्समध्ये सिरियल पोर्ट आधी रॉ मोडमध्ये टाका. नेहमीच्या मोडमध्ये टर्मिनल काही बाइट्सचा वेगळा अर्थ लावतो: 13 नंबरचा बाइट 10 होतो, 3 म्हणजे कंट्रोल-सी, 17 म्हणजे चाल आणि 19 म्हणजे थांब. विंडोजवर टेक्स्ट मोडमध्ये फाईल उघडली तर 10 च्या आधी एक 13 चिकटतो.

तपासा: 256 पैकी प्रत्येक बाइट किती वेळा आला त्याची यादी काढा. 13 शून्य वेळा आणि 10 दुप्पट असेल तर ट्रान्झिस्टरला शिव्या देऊ नका, पोर्टची सेटिंग बघा.

उनोसारखे बोर्ड पोर्ट उघडला की रीसेट होतात. पहिल्या दोन सेकंदांचा डेटा फेकून द्या, तेवढ्यात टप्पा 5 मधली सरासरी पण जागेवर बसते.

## टप्पा 7: कच्चा डेटा तपासा

10 लाख बिट घ्या. सेकंदाला 10,000 च्या हिशोबाने 100 सेकंद. आता क्रमाने.

पहिलं, 1 चे बिट किती. आदर्श नाण्याला 10 लाखांत 5 लाखांच्या आजूबाजूला दीड हजार इकडे-तिकडे चालतं. कच्चा बोर्ड त्यात बसणार नाही, आणि बसायची गरज पण नाही. समजा 1 चे बिट 5,20,000 आले. तर एका बिटची मिन-एंट्रॉपी (सगळ्यात जास्त शक्यतेचं उत्तर धरणाऱ्यासमोर उरणारी अनिश्चितता) म्हणजे 0.52 चा दोनच्या पायाचा लॉग, चिन्ह उलटं करून: साधारण 0.94. चांगलं आहे. 6,00,000 आले तर 0.74, तेही चालवता येतं. 8,00,000 आले तर मात्र टप्पा 5 मध्ये परत जा.

दुसरं, स्वतःशीच नातं. ऑटोकोरिलेशन काढा, म्हणजे प्रत्येक बिट ठरावीक अंतरावरच्या (लॅग) बिटशी किती जुळतो ते, 1 पासून 500 लॅगपर्यंत. 10 लाख बिटला अपघाताने येणारा आकडा 0.001 च्या घरातला असतो, 0.004 च्या वर गेला की काहीतरी आहे समजा. लॅग 1-2 ला मोठा आला तर सॅम्पलिंग फार वेगात चाललंय. आणि लॅग 200 कडे खास बघा: सेकंदाला 10,000 सॅम्पल आणि 50 हर्ट्झ म्हणजे एक चक्र बरोबर 200 सॅम्पलचं. तिथे टोक दिसलं तर घरातली वीज तुमच्या आकड्यांत बसलेली आहे. लॅग 100 ला पण टोक असेल तर 100 हर्ट्झचा रिपल, म्हणजे सप्लायचा फिल्टर कपॅसिटर कमी पडतोय.

तिसरं, मिन-एंट्रॉपीचा अंदाज. अमेरिकेच्या निस्ट संस्थेचं एसपी 800-90बी हे मानक 2018 चं आहे, आणि त्याचं मोजायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यातले दोन प्रोग्राम इथे कामाचे. आयआयडीवाला चालवून मोठा आकडा आला म्हणून खूश होऊ नका, तुमचे सॅम्पल एकमेकांपासून स्वतंत्र आहेत हे सिद्ध झालं नसेल तर नॉन-आयआयडीवालाच वापरायचा. तो कमी आकडा देतो, तोच घ्या. सावध: या प्रोग्रामला एका बाइटमध्ये एकच सॅम्पल लागतं, म्हणजे 0 नाही तं 1 असे 10 लाख बाइट. टप्पा 6 ची पॅक केलेली फाईल एक बिटचं सॅम्पल सांगून दिली तर उत्तराला काही अर्थ राहत नाही.

चौथं, बंद-चालू. पॉवर काढा, लावा, पहिले 1000 बिट साठवा, परत काढा, परत लावा. मानकात हे 1000 वेळा करायला सांगितलंय, रिले लावून रात्रभर चालू द्या. हाताने करणार असाल तर निदान काही डझन वेळा करा आणि ओळी एकाखाली एक ठेवून बघा. सुरुवात दरवेळी सारखी दिसली तर बोर्ड उठल्या-उठल्या नुसता पाढा म्हणतोय.

हे सगळं एकदा पहाटे गारव्यात आणि एकदा दुपारी कुलर चालू असताना करा. कुलर बंद आणि चालू असे दोन वेगळे घेतले तर आणखी चांगलं, कारण मोटर आणि पंप त्याच स्विचबोर्डावर असतील तर लॅग 200 लगेच सांगतो. पावसाळ्यात आणि कुलरच्या ओल्या हवेत झिरो पीसीबीवरचा फ्लक्स ओल धरतो आणि 100 किलोओहमच्या बाजूने गळती सुरू होते, म्हणून सोल्डरिंग झाल्यावर आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) बोर्ड घासून पुसा.

आलेल्या सगळ्या आकड्यांमधला सगळ्यात कमी घ्या आणि वरून आणखी थोडा कापा. 0.7 आला तर मी 0.5 धरतो. कंजूषपणा इथे करायचा नाही तर कुठे.

आणि आता तयार टेस्टचं, म्हणजे आरएनजीटेस्ट आणि सुरुवातीचं डायहार्डर. आरएनजीटेस्ट 20,000 बिटचा एक ब्लॉक घेतो आणि त्यात एकांची संख्या 9,725 आणि 10,275 च्या मध्ये पाहिजे म्हणतो. 52 टक्केवाल्या चांगल्या कच्च्या डेटात ती सरासरी 10,400 असते, म्हणजे जवळपास प्रत्येक ब्लॉक नापास. उलट सुरुवातीला सांगितलेला 1, 2, 3, 4 चा हॅश पास. दोघांत एंट्रॉपी कोणात आहे ते तुम्हीच बघा. ही टेस्ट सफाईनंतर लावायची, वायर सुटली का वगैरे ढोबळ बिघाड पकडायला, आणि तेव्हा हजार ब्लॉकमागे एखादा नापास होणं एकदम नॉर्मल आहे, तो होऊ नये म्हणून कोड बदलू नका.

डायहार्डरला तर अनेक जीबी डेटा लागतो. आपला बोर्ड 1 जीबी द्यायला सव्वानऊ दिवस घेईल. छोटी फाईल दिली की तो तीच फाईल पुन्हा पहिल्यापासून वाचतो, आणि मग येणारे नापास हे तुमच्या फाईलच्या लांबीचे असतात, बोर्डाचे नाही.

## टप्पा 8: चालू बोर्डावर पहारा

टेस्ट एकदा पास झाली म्हणजे बोर्ड जन्मभर चांगला राहील असं नसतं. सोल्डर सुटतं, कपॅसिटर वाळतो. म्हणून मायक्रोकंट्रोलरमध्येच, सफाईच्या आधी, दोन छोट्या तपासण्या सतत चालू ठेवा. दोन्ही त्याच 800-90बी मध्ये आहेत.

एक म्हणजे सारखा तोच बिट किती वेळ येतोय. मर्यादा काढायची तर 20 ला एंट्रॉपीने भागा, वर गोल करा, 1 मिळवा. 0.5 धरली तर 41. सलग 41 वेळा तोच बिट आला की गजर. खोटा गजर दहा लाखांत एकदा, एवढ्या हिशोबाचं ते 20 आहे. दुसरी म्हणजे 1024 बिटची खिडकी घ्या, त्यातला पहिला बिट खिडकीत किती वेळा आला ते मोजा. 0.5 ला मर्यादा 790 च्या आसपास येते, नेमका आकडा स्प्रेडशीटच्या बायनॉमियल फंक्शनने काढून घ्या.

गजर झाला तर आउटपुट बंद. लाल एलईडी लावा आणि गप्प बसा. बोर्ड नापास झाला तर तोवर सॉफ्टवेअरचे आकडे देऊ, काम थांबायला नको, असा गोड विचार पुष्कळ कोडमध्ये दिसतो. त्याने बोर्ड मेलेला आहे हे वर्षभर कळत नाही.

तपासा: कम्पॅरेटरची वायर चालू सर्किटवर उपटा. गजर व्हायला पाहिजे. झाला नाही तर पहारेकरी झोपलाय.

## टप्पा 9: सफाई

फॉन न्यूमनची पद्धत सगळ्यांना आवडते: दोन-दोन बिट घ्या, 01 आला तर 0, 10 आला तर 1, बाकी फेका. ती झुकाव काढते, पण फक्त तेव्हाच जेव्हा बिट एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. लॅग 1 ला नातं असेल तर तिचा उपयोग नाही, आणि 60-40 च्या डेटात 100 बिटमागे 24 च हाती लागतात.

त्यापेक्षा सरळ हॅश करा. एसएचए-256 मध्ये जेवढी एंट्रॉपी बाहेर पाहिजे त्यापेक्षा भरपूर जास्त आत घाला. 0.5 च्या हिशोबाने 1024 कच्चे बिट म्हणजे 512 बिटची एंट्रॉपी, त्यातून 256 बिट बाहेर. आपल्या वेगाने सेकंदाला साधारण दहा ब्लॉक, सीडसाठी चिक्कार. हॅशमध्ये काउंटर घालू नका. घातला तर मेलेला बोर्ड पण जिवंत दिसतो, सुरुवातीला म्हटलं तेच.

## टप्पा 10: एन्क्रिप्शनकडे

बोर्डाचे बिट सरळ की म्हणून वापरू नका. ते कर्नलला द्या आणि की कर्नलकडून घ्या. म्हणजे बोर्ड बिघडला तरी कर्नलच्या बाकीच्या सोर्सचं मिश्रण हाताशी राहतं.

लिनक्समध्ये डेव्ह फोल्डरच्या रँडम फाईलमध्ये कोणीही लिहू शकतो, ते मिसळलं जातं पण एंट्रॉपी म्हणून मोजलं जात नाही. मोजून पाहिजे असेल तर आरएनजीडी हा डिमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) रूट म्हणून चालवा. एंट्रॉपी किती उपलब्ध आहे ते दाखवणारा आकडा नव्या कर्नलमध्ये 256 वर अडकलेला दिसतो, तो बिघाड नाही, 5.18 पासून तसाच आहे. आणि 5.6 पासून रँडम फाईल एकदा सुरू झाली की अडत नाही, त्यामुळे जुन्या लेखांत वाचून हॅवेज्ड हा एंट्रॉपी भरणारा प्रोग्राम टाकायची आता काही गरज नाही.

प्रोग्राममध्ये पायथॉन असेल तर सीक्रेट्स मॉड्यूल, रँडम मॉड्यूल नाही. रँडममध्ये मर्सेन ट्विस्टर आहे, त्याची 32 बिटची 624 उत्तरं सलग पाहिली की पुढची सगळी काढता येतात. जावामध्ये सिक्युअर-रँडम.

सावध, लॅबवाल्यांनी खास: एक एसडी कार्ड तयार करून त्याच्या तीस कॉपी मारल्या की तीसही रास्पबेरी पायमध्ये सिस्टीमडीचा (लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम) जतन केलेला रँडम सीड आणि एसएसएचच्या (दुरून लॉगिन) होस्ट की एकच. एकाची की काढली की सगळे उघडे. इमेज बनवायच्या आधी दोन्ही पुसा आणि पहिल्या बूटला नव्या बनू द्या. व्हर्च्युअल मशीनच्या क्लोनला पण हेच लागू. तपासायला सोपं: दोन मशीनच्या होस्ट कीचे फिंगरप्रिंट बाजूबाजूला ठेवून बघा.

## टप्पा 11: सिम्युलेशनकडे

बोर्डातून किंवा कर्नलमधून 128 बिटचा एक सीड घ्या, रिझल्टच्या फाईलच्या पहिल्या ओळीत लिहा, आणि तिथून पुढे सॉफ्टवेअर जनरेटर. पायथॉनच्या नमपाय लायब्ररीमध्ये 1.17 पासूनचा डिफॉल्ट जनरेटर पीसीजी64 आहे, बहुतेक कामांना तो पुरतो. लायब्ररीचं व्हर्जन पण सीडसोबतच लिहा.

32 बिटचे सीड टाळा. खूप रन करणाऱ्यांना वाटतं चारशे कोटींच्या वर सीड आहेत, टक्कर कुठे होणार, पण 77,000 रन झाले की दोन रनचा सीड सारखा असायची शक्यता 50 टक्क्यांवर जाते.

क्लस्टरवर एकाच वेळी 40 प्रोसेस सुरू केल्या आणि सीड घड्याळाच्या सेकंदावरून घेतला तर चाळीसही जण एकच सिम्युलेशन करतात, आणि मग एरर बार इतके सुंदर येतात की गाइड पण खूश होतात. प्रत्येक प्रोसेसला मूळ सीडवरून स्वतंत्र प्रवाह काढून द्या, नमपायमध्ये सीड-सिक्वेन्सची स्पॉन ही सोय त्यासाठीच आहे. सीड अधिक 1, सीड अधिक 2 असं काही जनरेटरमध्ये चालतं, काहींत प्रवाह एकमेकांशी नातं ठेवतात, म्हणून सवयच लावू नका.

तपासा: तोच सीड देऊन रन दोनदा करा आणि दोन्ही आउटपुट फाईल्स बाइट-बाय-बाइट जुळवा. जुळल्या नाहीत तर जनरेटर उघडण्याआधी थ्रेडची संख्या बघा. बेरजेचा क्रम बदलला की फ्लोटिंग पॉइंटचे शेवटचे आकडे बदलतात, आणि एक थ्रेडवर चालवलं की बहुतेक वेळा फाईल्स जुळून येतात.